मेरियन, १९५० : त्या फोटोतला डावा पाय

रानजाई

गेल्या वर्षी अपघातात मांडीचं हाड मोडलं. सहा आठवडे अंथरुणात गेले आणि पुढचे चार महिने फिजिओथेरपीत. जिथे जायचे तिथे चालण्याच्या सरावाच्या दोन दांड्यांसमोर भिंतीवर एक कृष्णधवल फोटो होता. पांढरी टोपी घातलेला एक माणूस, आपल्याकडे पाठ, हातातली गोल्फची काठी फिरून खांद्यापलीकडे गेलेली. समोर लांबवर माणसांची भिंत आणि मध्ये मोकळं ग्रीन, म्हणजे होलच्या खड्ड्याभोवतीची बारीक कापलेली हिरवळ. मला गोल्फमधलं काहीही कळत नव्हतं. पहिल्याच दिवशी मॅडम म्हणाल्या, "चेंडू कुठे गेला ते जाऊ दे, त्याचे पाय बघ." उजव्या पायाची टाच वर उचललेली, तो पाय नुसता चवड्यावर टेकलेला. सगळं वजन डाव्या पायावर.

तो डावा घोटा फोटोच्या सोळा महिने आधी मोडलेला होता, हे मला पुढे कळलं. फोटो १९५० च्या यूएस ओपन या अमेरिकेतल्या मोठ्या गोल्फ स्पर्धेतला. तेव्हापासून या स्पर्धेबद्दल मिळेल ते वाचत गेले. आज लिहून काढते.

माणसाचं नाव बेन होगन. टेक्ससमधल्या लोहाराचा मुलगा. तो नऊ वर्षांचा असताना वडिलांनी स्वतःवर गोळी झाडून घेतली. फोर्ट वर्थच्या ग्लेन गार्डन क्लबमध्ये बॅगा उचलता उचलता तो खेळायला शिकला (त्याच क्लबात त्याच्याच वयाचा आणखी एक कॅडी होता, बायरन नेल्सन. दोघेही पुढे जगातले अव्वल खेळाडू झाले). अठरा पूर्ण व्हायच्या आधीच होगन व्यावसायिक झाला, पण स्वतःच्या एकट्याच्या नावावर पहिली व्यावसायिक स्पर्धा जिंकायला १९४० साल उजाडलं. मधली दहा वर्षं चेंडू डावीकडे वळून जायचा आणि खिसा रिकामा असायचा. मग महायुद्ध, लष्करी हवाई दलातली नोकरी, आणि १९४८ मध्ये त्याने पहिल्यांदा यूएस ओपन जिंकली.

२ फेब्रुवारी १९४९. होगन आणि त्याची बायको व्हॅलरी फिनिक्सहून गाडीने घरी निघाले होते. टेक्ससमधल्या व्हॅन हॉर्न गावाजवळ दाट धुकं होतं. समोरून ट्रकला ओलांडणारी बस थेट त्यांच्या अंगावर आली. त्या क्षणी होगनने बायकोला वाचवायला स्वतःला आडवं तिच्या अंगावर झोकून दिलं. स्टिअरिंगचा दांडा ड्रायव्हरच्या सीटमधून आरपार गेला. तो जागेवर बसून राहिला असता तर तिथेच संपला असता. व्हॅलरीला किरकोळ लागलं. त्याचं ओटीपोटाचं हाड दोन ठिकाणी, गळपट्टीचं हाड, डावा घोटा आणि एक बरगडी, एवढं मोडलं.

हाडं जुळायला लागली तशा रक्ताच्या गुठळ्या झाल्या. एक फुप्फुसापर्यंत पोचली. न्यू ऑर्लिन्सहून डॉ. आल्टन ऑक्सनर यांना लष्करी विमानाने आणलं. त्यांनी पायांकडून हृदयाकडे रक्त नेणारी पोटातली मोठी शीरच बांधून टाकली. एकोणसाठ दिवसांनी होगन रुग्णालयातून बाहेर पडला. घरात दिवाणखान्याला फेऱ्या मारू लागला. आज इतक्या, उद्या त्याहून एक जास्त. हे वाचताना मी पुस्तक मिटून ठेवलं होतं. आमच्या गॅलरीत वॉकर धरून मी नेमकं हेच करत होते.

अकरा महिन्यांनी, जानेवारी १९५० मध्ये, तो लॉस एंजेलिस ओपन खेळला आणि सॅम स्नीडबरोबर बरोबरीत आला. बरोबरी फोडायची जादा फेरी, म्हणजे प्लेऑफ, हरला. जून उजाडला आणि यूएस ओपन आली. ठिकाण फिलाडेल्फियाजवळच्या आर्डमोरमधला मेरियन क्लब, पूर्व मैदान, ६,६९४ यार्ड, पार ७०, म्हणजे अठरा होलची (टप्प्यांची) एक फेरी ७० फटक्यांत संपवणं अपेक्षित.

पहिल्या दिवशी ली मॅकी नावाच्या कोणाला फारशा माहीत नसलेल्या खेळाडूने ६४ फटक्यांत फेरी संपवली. यूएस ओपनच्या इतिहासात तोवर एवढी कमी फेरी कोणाचीच नव्हती. दुसऱ्या दिवशी त्याच मैदानावर त्याला ८१ लागले. होगनचे ७२ आणि ६९.

तेव्हा शनिवारी एकाच दिवसात दोन फेऱ्या, म्हणजे छत्तीस होल, खेळायची पद्धत होती. होगन सकाळी लवकर उठून एप्सम सॉल्ट घातलेल्या गरम पाण्यात बसायचा आणि मग घोट्यापासून मांडीपर्यंत दोन्ही पायांना इलॅस्टिकच्या पट्ट्या गुंडाळायचा. तेवढं झाल्यावर पँट. सकाळच्या फेरीत ७२. लॉईड मँग्रम त्याच्या दोन फटके पुढे.

दुपारच्या फेरीत बाराव्या होलच्या टीवर (जिथून पहिला फटका मारतात तिथे) फटका मारताना पाय असे आखडले की तो पडायचाच. जवळ उभ्या असलेल्या ओळखीच्या माणसाला धरून उभा राहिला. होलमधून चेंडू काढायला वाकणं जमत नव्हतं, ते कॅडी करायचा. तरी तो आघाडीवर होता. मग पंधराव्यावर अगदी छोटा पुट (ग्रीनवरून चेंडू होलमध्ये घालायचा फटका) चुकला. सतराव्यावर आणखी एक फटका गेला. अठराव्या होलला आला तेव्हा मँग्रम आणि जॉर्ज फाझिओ २८७ वर खेळ संपवून बसले होते. होगनला नुसत्या बरोबरीसाठी चार फटके हवे होते.

४५८ यार्डांचा होल. पहिला फटका जुन्या दगडखाणीवरून पलीकडे. तो नीट बसला. ग्रीनपर्यंत साधारण २१३ यार्ड उरले. त्याने एक नंबरची आयर्न, म्हणजे लोखंडी पात्याची काठी, काढली. हाय पेस्किन हा छायाचित्रकार त्याच्या बरोबर मागे उभा होता, आणि तो फोटो तिथे जन्मला. चेंडू ग्रीनवर, होलपासून चाळीसेक फुटांवर. पहिला पुट थोडा पुढे गेला. दुसरा त्याने फारसा वेळ न घेता आत घातला. चार.

आता मला जे सांगायचंय ते. हा फोटो जगभर विजयाचा फोटो म्हणून लावतात. त्या फटक्याने होगन काहीही जिंकला नाही. त्या फटक्याने त्याला मिळाले रविवारचे आणखी अठरा होल. मोडलेल्या घोट्यावर उभं राहून, पाय सुजलेले असताना, आपण काय मागतोय हे त्याला पुरतं माहीत होतं. मला तो फोटो त्यासाठी आवडतो.

रविवारी, ११ जूनला, तिघांचा प्लेऑफ झाला. होगन ६९, मँग्रम ७३, फाझिओ ७५. बक्षीस चार हजार डॉलर.

---

निशिगंध

ताई, एका दमात वाचलं. पाय कसा आहे आता?

---

रानजाई

निशिगंध, जिने चढते, उतरताना कठडा लागतो. विचारलंत, बरं वाटलं.

---

हाडवैद्य

लेख आवडला. ती शीर बांधण्याबद्दल थोडं लिहितो, कारण शनिवारचे छत्तीस होल त्याशिवाय पूर्ण कळणार नाहीत.

पायांच्या खोल शिरांमध्ये गुठळी झाली की भीती पायाची नसते. ती सुटून वर फुप्फुसात अडकली तर माणूस मिनिटांत जाऊ शकतो. होगनची एक गुठळी तिथवर गेलीच होती. म्हणून ऑक्सनरनी वाटच बंद केली. आज आपण बहुतेक वेळा रक्त पातळ करणारी औषधं देतो, फार तर त्या शिरेत जाळी बसवतो. बांधण्याची वेळ क्वचित येते.

वाट बंद झाली की पायातलं रक्त आजूबाजूच्या बारीक शिरांमधून वळसा घालून वर जायला लागतं. त्या हळूहळू रुंदावतात, पण मूळ शिरेची बरोबरी करत नाहीत. माणूस उभा असला की रक्त खाली साचतं. पाय जड होतात, सुजतात, ठणकतात. सकाळी बरं असतं आणि दिवस चढेल तसं वाढत जातं. पट्ट्या करकचून बांधायच्या त्या एवढ्यासाठी, बाहेरून दाब देऊन रक्त वर ढकलायचं. हाडं जुळली की जुळली, हे दुखणं मात्र जन्मभराचं. दुपारची फेरी सकाळच्या फेरीसारखी नव्हतीच. बाराव्या होलवर पाय आखडले यात मला नवल वाटत नाही. पुढचे सहा होल तो चालला याचं वाटतं.

---

रानजाई

हाडवैद्य, हे मूळ लेखात असायला हवं होतं. "सकाळी बरं, दिवस चढेल तसं वाढतं" हे वाचून तो शनिवार डोळ्यांपुढे उभा राहिला.

---

चौथाकट्टा

एक नंबरच्या आयर्नबद्दल कोणी सांगेल का? ती एवढी अवघड असते का?

---

जुनाखेळाडू

चौथाकट्टा, मी पंचवीस वर्षं हौशी गोल्फ खेळतोय, सांगतो. आयर्नचा नंबर जितका लहान तितका तिचा चेहरा उभा आणि दांडा लांब. नऊ नंबरची काठी चेंडूखाली शिरून त्याला आपोआप वर उचलते. एक नंबरचा चेहरा जवळजवळ भिंतीसारखा असतो, त्यात ती जुन्या घडणीची, पात्यासारखी पातळ. फटका बरोबर मधोमध लागला तर चेंडू सूं करत जातो. तसूभर इकडेतिकडे झाला तर मनगटापर्यंत झिणझिण्या, आणि चेंडू सरपटत शंभर यार्डांत थांबतो. आता ती काठी फारशी कोणाच्या बॅगेत दिसत नाही.

बॅगेत चौदाच काठ्या ठेवता येतात. मेरियनवर सात नंबरचा फटका कुठे लागतच नाही असं होगनचं मत होतं, म्हणून त्याने ती काढून एक नंबर घेतली. म्हणजे शेवटच्या होलवरचा तो निर्णय त्याने आठवड्याच्या सुरुवातीलाच घेऊन ठेवला होता म्हणा.

तो स्वतः नंतर सांगायचा की लोक त्या फटक्याला उगीच झळाळी देतात, तो फटका मी बारा वर्षांचा होतो तेव्हापासून घोटत आलोय.

---

चौथाकट्टा

धन्यवाद काका. आता फोटो पुन्हा बघितला, वेगळा दिसला.

---

फिलीकर

मी आर्डमोरपासून वीस मिनिटांवर राहतो. क्लब सभासदांचा आहे, आत सहज जाता येत नाही. पण आर्डमोर अॅव्हेन्यू नावाचा साधा रस्ता मैदानाला चिरून जातो, मुलाला शिकवणीला सोडताना मी रोज त्यावरून जायचो. कडेने ग्रीनवर झेंड्यांऐवजी वेताच्या टोपल्या दिसतात, काठीच्या टोकाला खोचलेल्या. पहिल्या नऊ होलना लाल, पुढच्या नऊंना नारिंगी. झेंडा नसल्यामुळे वारा कुठून वाहतोय ते ग्रीनकडे बघून कळत नाही.

२०१३ ला यूएस ओपन मेरियनवर आली तेव्हा तिकीट काढून गेलो होतो. अठराव्या फेअरवेवर (टी आणि ग्रीनमधल्या कापलेल्या पट्ट्यावर) होगनने जिथून फटका मारला तिथे जमिनीत छोटी पाटी बसवली आहे. रविवारी जस्टिन रोझचा चेंडू त्याच पाटीच्या आसपास पडला. त्याने तिथून ग्रीनच्या मागच्या कडेपर्यंत मारला आणि स्पर्धा जिंकली. माझ्या शेजारी एक म्हातारे गृहस्थ काठी टेकून उभे होते. रोझचा फटका गेल्यावर सगळी गर्दी पुढे पळाली, ते तिथेच पाटीकडे बघत उभे राहिले.

अवांतर: बॉबी जोन्सने १९३० मध्ये एका वर्षातल्या, तेव्हाच्या चारही मोठ्या स्पर्धा जिंकण्याचा विक्रम पूर्ण केला तो याच मैदानावर, अकराव्या होलला.

---

कोथरूडची_मैना

प्लेऑफबद्दल फार थोडक्यात लिहिलंत. एवढी उत्कंठा लावलीत आणि दोन ओळींत संपवलंत. मँग्रमचं काय झालं?

---

रानजाई

मैना, खरंय. मँग्रमबद्दल मला वाईट वाटतं म्हणून तिथे हात आखडला होता.

लॉईड मँग्रम युद्धात लढून दोनदा जखमी होऊन परतलेला. १९४६ ची यूएस ओपन त्याने जिंकली होती, तीही तिघांच्या प्लेऑफमध्ये, बायरन नेल्सन आणि व्हिक गेझीला हरवून. म्हणजे मेरियनवर त्या रविवारी जखमी माणूस एकटा होगन नव्हता.

पंधरा होल झाले तेव्हा मँग्रम फक्त एका फटक्याने मागे होता. सोळाव्या ग्रीनवर फाझिओच्या वाटेत येतो म्हणून त्याने खूण करून चेंडू उचलला, फाझिओचा पुट झाल्यावर परत ठेवला. मारायला उभा राहिला तर चेंडूवर किडा. त्याने चेंडू उचलला, फुंकर मारली, पुन्हा जागेवर ठेवला आणि पुट आत घातला. तेव्हाच्या नियमात ग्रीनवर असा चेंडू उचलायला परवानगी नव्हती. सतराव्या टीवर त्याला सांगण्यात आलं, दोन फटक्यांचा दंड. एकाचा फरक तिनाचा झाला. लगेच सतराव्यावर होगनने फार लांबून पुट घालून बर्डी (पारपेक्षा एक फटका कमी) केली, आणि तिथे सगळं संपलं.

पुढे नियम बदलला. आज ग्रीनवर खूण करून चेंडू उचलून पुसतात, कोणाला काही वाटत नाही.

---

कोथरूडची_मैना

एका किड्यापायी! दिवसभर डोक्यात राहणार हे.

---

सह्यकडा

थोडा वेगळा सूर लावतो. होगनबद्दल आदर आहेच. पण एक माणूस वेदनेने पडायला आला तरी त्याला छत्तीस होल चालवायचे, यात खेळाचा मोठेपणा कुठला? गोल्फ म्हणजे फटके मोजायचा खेळ. गाडीतून जाऊन फटके मारले असते तर ते कमी झाले असते का? दुःख सोसलं म्हणून विजय मोठा, ही आपली सवय मला पटत नाही.

---

जुनाखेळाडू

सह्यकडा, चालणं खेळाचाच भाग आहे असं मी मानतो. थकलेल्या पायांनी पुट मारणं आणि गाडीतून उतरून मारणं यात फरक पडतोच. १९६४ च्या यूएस ओपनला उष्म्याने केन व्हेंच्युरी कोसळायच्या बेताला आला होता, तरी छत्तीस होल चालून जिंकला. त्यानंतर १९६५ पासून शनिवारची दुहेरी फेरी बंद झाली. पद्धत बदलली ते योग्यच. पण चालणं काढलं नाही.

---

सह्यकडा

काका, मग केसी मार्टिनचं काय? त्याच्या उजव्या पायात जन्मापासून रक्ताभिसरणाचा आजार होता. चाललं की सूज, वेदना, हाड मोडायचा धोका. त्याने व्यावसायिक स्पर्धेत गाडी मागितली, त्या स्पर्धा भरवणाऱ्या पीजीए टूरने नाकारली. प्रकरण अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि २००१ मध्ये सात विरुद्ध दोन मतांनी तो जिंकला. चालणं हा खेळाचा अविभाज्य गाभा नाही असं न्यायालयाने म्हटलं. तुम्ही सांगितलेले व्हेंच्युरी त्या खटल्यात टूरच्या बाजूने साक्षीला उभे होते.

---

हाडवैद्य

सह्यकडा यांच्या बाजूने एक मत. मार्टिनचा आजारही मूळचा शिरांचाच. तो पाय आणि होगनचे पाय, दोन्हींत अडचण एकच, रक्त वर जात नाही. मार्टिन गाडीत बसला तरी त्याला दुखतच होतं. गाडीने त्याला फायदा झाला नाही, तो फक्त इतरांच्या जवळपास आला.

---

रानजाई

मी दोन दिवस यावर विचार करत होते म्हणून उत्तराला उशीर झाला.

सह्यकडा, दुःखाची पूजा नको हे पटतं. मी वॉकर धरून चालायचे तेव्हा भेटायला येणारे "किती धीराची आहेस" म्हणायचे आणि मला रडू यायचं. मला धीर नको होता, पाय हवा होता. मार्टिनला गाडी मिळाली ते न्याय्यच.

पण होगनने गाडी मागितली नव्हती. त्याने पाय जपून खर्च केले, याकडे कोणी बघत नाही. अपघातानंतर तो वर्षाला मोजक्याच स्पर्धा खेळायचा. पीजीए स्पर्धा तेव्हा एकास एक सामन्यांची होती, रोज छत्तीस होल, कित्येक दिवस. त्याने ती वर्षानुवर्षं सोडून दिली, दोनदा जिंकलेली असूनही. १९५३ मध्ये त्याने मास्टर्स, यूएस ओपन आणि स्कॉटलंडमधल्या कार्नूस्टीची ब्रिटिश ओपन, अशा तिन्ही जिंकल्या. मोठ्या स्पर्धांपैकी तेवढी चौथी, पीजीए, तो खेळला नाही. (त्या वर्षी पीजीए आणि ब्रिटिश ओपनच्या तारखाही एकमेकींवर येत होत्या.) आपले पाय किती चालतील याचा हिशेब एवढ्या काटेकोरपणे मांडणारा माणूस मला सोसणाऱ्या माणसापेक्षा जास्त जवळचा वाटतो.

---

सह्यकडा

हे मान्य. हिशेबाची बाजू माझ्या लक्षात आली नव्हती.

---

फिलीकर

एक राहिलं. शनिवारच्या गडबडीत ती एक नंबरची आयर्न आणि होगनचे बूट चोरीला गेले. रविवारी ती काठी त्याच्याकडे नव्हतीच. अठराव्याला त्या दिवशी त्याला पाच नंबरची पुरली. चोरीची काठी तीसेक वर्षांनी, १९८३ मध्ये सापडली. पात्याच्या नेमक्या मध्यावर नाण्याएवढा भाग झिजलेला होता, बाकी पातं जसंच्या तसं. आता ती न्यू जर्सीत फार हिल्सला अमेरिकन गोल्फ संघटनेच्या संग्रहालयात आहे. मी बघून आलोय.

---

जुनाखेळाडू

नाण्याएवढा. माझ्या सात नंबरचं पातं टोकापासून टाचेपर्यंत सगळीकडे झिजलंय.

---

येरवडेकर

मी इथे वाचतो फक्त, पहिल्यांदाच लिहितोय. माझे वडील पुण्यात तीस वर्षं कॅडी होते. आता शहात्तर वय आहे, गुडघे गेलेत. काल रात्री हा सगळा धागा त्यांना वाचून दाखवला, अपघातापासून किड्यापर्यंत. मध्येच थांबवून विचारत होते, मैदानाला चढ किती, ऊन होतं का, बॅग कशाची.

फोटो मोबाइलवर मोठा करून दाखवला. बराच वेळ बघितला. म्हणाले, चेंडू सरळ गेलाय, त्याची मान बघ, तो चेंडूमागे वाकला नाही. मग म्हणाले, "एका दिवसात छत्तीस झाले आणि दुसऱ्या दिवशी परत अठरा. त्याच्या कॅडीनं पण तेवढंच चाललं असणार की रे, बॅग घेऊन."

---

रानजाई

येरवडेकर, तुमच्या वडिलांना माझा नमस्कार सांगा. लिहीत राहा. त्यांना मैदानावरचं जे आठवतंय ते ऐकायला आवडेल, वेगळा धागा काढाल का?

---

येरवडेकर

विचारलं. म्हणाले, रविवारी दुपारी बसू.